बांबूची पट्टी

आमच्या गणिताच्या सरांचा सरासरीवर अजिबात विश्वास नव्हता. दोन तुकड्यांची सरासरी सारखी आली की ते बांबूची एक हलकी पट्टी घेऊन वर्गात येत. पट्टीवर शंभरपर्यंत खुणा होत्या. रविवार पेठेतून आणलेले बोल्टचे पाच सारखे नट ते गुणांच्या जागी दोऱ्याने घट्ट बांधत: आधी ४०, ५०, ६०, ७०, ८०. पट्टी ६० वर टांगली की तोल साधे. मग नट ५८ ते ६२ मध्ये दाटीने बांधत. तोल पुन्हा ६० वरच! हे पहिलं आघूर्ण (मोमेंट), म्हणजे अंतरांची सरासरी.

मग म्हणत, "आता हिला पीळ देऊन बघ." पसरलेल्या नटांची पट्टी फिरायला कुरकुरायची, दाटीची झटक्यात फिरायची. ६० पासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज पहिल्यात १०००, दुसऱ्यात १०. पट्टीचं स्वतःचं वजन सोडलं तर जडत्व शंभरपट. या बेरजेला पाचाने भागलं की दुसरं आघूर्ण, म्हणजे संख्याशास्त्रातलं प्रचरण मिळतं, त्याचं वर्गमूळ म्हणजे प्रमाण विचलन. पुस्तकात जडत्व आणि प्रचरण ही दोन प्रकरणं दोन वेगळ्या विषयांत होती. का, ते मला आजही कळत नाही.

फिरणाऱ्या वस्तूचं काम वर्गावर भागतं. गुणांचं भागत नाही. ३०, ६५, ६५, ७०, ७० यांचीही सरासरी ६०, पण अंतरांचा घन घेतला की ऋण चिन्ह टिकतं आणि तिसरं आघूर्ण मागे पडलेल्या त्या एका मुलाकडे बोट दाखवतं. सर त्याच मुलासाठी थांबत.

फर्ग्युसनमध्ये गणित शिकवलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबींचं नाव त्यांच्या तोंडी सतत असे. कोसंबींनी तक्षशिलेची चांदीची आहत (ठसे मारलेली) नाणी तोलली, ताडून बघायला आपल्या काळातली चलनी नाणीही तोलली. नाणं हातोहात झिजतं तशी सरासरी उतरते आणि विखुरणं वाढतं. म्हणजे दोन आघूर्णांवरून चलनाचा काळ ताडता येतो.

पुढे विद्यापीठात वर्णपटातल्या रेषांशी गाठ पडली. अशा रेषेचा आकार दाखवणाऱ्या लॉरेंट्झ वक्राची शेपटी इतकी सावकाश उतरते की दुसरं आघूर्ण अनंत होतं, पहिलंही ठरत नाही. म्हणून रुंदी अर्ध्या उंचीवर मोजतात. सरांना हे कळवलं. पोस्टकार्डावर उलट प्रश्न आला: "मग पट्टी टांगायची कुठे?" मी लिहिलं, मध्यकावर, जिथे दोन्ही बाजूंना निम्मं निम्मं उरतं.