भिंतीपलीकडचा रिमोट

टीव्हीच्या रिमोटचा इन्फ्रारेड प्रकाश मध्ये कोणी येऊन उभं राहिलं तरी अडतो. माझ्या गच्चीवरच्या दिव्याचा रिमोट मात्र आरएफ, म्हणजे भिंतीतून जाणाऱ्या रेडिओ लहरींवर चालणारा आहे. बटण खालच्या खोलीत दाबायचं, दिवा वर लागतो.

परवा मेन स्विच बंद करून (हे आधी करायचं, बरं का!) त्याच्या रिसीव्हरची डबी उघडली. आत नखाएवढी चिप, एक रिले (चिपच्या इशाऱ्यावर दिवा चालू-बंद करणारा विजेचा स्विच) आणि बाहेर लोंबणारी एक साधी वायर. ती फालतू समजून कापू नका, तोच अँटेना! हा रिमोट ४३३.९२ मेगाहर्ट्झ या वारंवारतेवर चालतो. तिची तरंगलांबी सुमारे ६९ सेंटिमीटर, त्या लांबीचा चौथा हिस्सा साधारण १७ सेंटिमीटर, म्हणून वायरही तेवढीच. धातूच्या बोर्डात गुंडाळून कोंबली की रेंज पडलीच. मी ती बाहेर काढून सरळ ठेवली, तर आता फाटकापासूनही दिवा लागतो.

मला खटकतं ते वेगळंच. साधे रिमोट दर वेळी तोच कोड पाठवतात. कोणीही तो पकडून पुन्हा सोडू शकतो. दिव्या-पंख्यांसाठी चालतं, उगाच डोकं लावू नये. गॅरेजच्या दाराला मात्र दर वेळी बदलणारा रोलिंग कोडच हवा. शिवाय यातले बरेचसे रिमोट एकतर्फी असतात, दिवा खरंच लागला की नाही हे त्यांना कळत नाही. त्यात एकाच बटणावर चालू-बंद असेल तर लांबून काही पत्ताच लागत नाही. म्हणून मी दोन्हींसाठी वेगळी बटणं असलेलाच रिमोट घेतो.