क्योटोतला नोव्हेंबर आणि पडद्यावरचा पाइन

क्योटोत राहत होते त्या वर्षांत नोव्हेंबर उजाडला की आमच्या इकेबानाच्या, म्हणजे जपानी पुष्परचनेच्या, वर्गात लगबग सुरू व्हायची. आमच्या सेन्सेई, म्हणजे गुरू, ऐंशीच्या घरातल्या, वर्ग त्यांच्याच घरी तातामीच्या चटयांवर, आणि आम्ही जेमतेम बारा जणी. रोक्काकुदोच्या आवारात इकेनोबो घराण्याचं मोठं वार्षिक प्रदर्शन भरतं, ते सगळ्यांनी मिळून बघायचं आणि पुढच्या रविवारी वस्तीच्या सभागृहात आपलं छोटं संमेलन करायचं, असा आमचा शिरस्ता.

रोक्काकुदो हे षट्कोनी देऊळ. तिथले पुजारी बुद्धापुढे फुलं ठेवायचे, त्यातूनच ही कला उभी राहिली. 'इकेनोबो' म्हणजे तळ्याकाठची कुटी. तिथल्या सेन्केई नावाच्या भिक्षूची पुष्परचना बघायला क्योटोतल्या रसिकांची झुंबड उडाल्याची नोंद १४६२ सालची आहे.

एका वर्षी संमेलनात सिनेमा दाखवायचं ठरलं. २०१७ सालचा 'हाना इकुसा', म्हणजे फुलांची लढाई. पांढरा पडदा ताणला, खुर्च्या मांडल्या, खिडक्यांना काळं कापड लावलं, आणि मला पुण्यातला गणेशोत्सव आठवला. आमच्या गल्लीतही असाच पडदा लागायचा. जागा मिळाली नाही की आम्ही पोरं पडद्यामागे बसून उलटा सिनेमा बघायचो. इथे मात्र प्रत्येकीच्या हातात ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, आणि गरम होजिचा, म्हणजे भाजलेल्या पानांचा चहा.

सिनेमातला नायक इकेनोबो सेन्को. नोमुरा मान्साई या क्योगेन, म्हणजे पारंपरिक विनोदी नाट्यातल्या, नटाने तो साकारला आहे. सेन्कोचा जिवलग चहागुरू सेन नो रिक्यू याला १५९१ मध्ये जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकमावरून पोट चिरून मरावं लागलं. त्या प्रसंगी सभागृहात चहाच्या पेल्याचाही आवाज नव्हता. सेन्सेईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि बराच वेळ परत घातला नाही.

मग १५९४ चा प्रसंग. माएदा तोशिइए या सरदाराच्या वाड्यात हिदेयोशी येणार, म्हणून सेन्को सात मीटरच्या आसपास रुंदीची रचना उभारतो. आडवा पसरलेला पाइन, आणि मागे माकडांची चित्रं अशी टांगलेली की ती फांद्यांवरच खेळताहेत असं वाटावं. हिदेयोशीला लोक माकड म्हणून हिणवायचे. सिनेमात तर त्या चिडवण्यापायी माणसं जिवाला मुकतात. त्याच्यासमोर माकडंच मांडायची! हातात तलवार नसलेल्या माणसाचं हे धैर्य मला आजही हलवून सोडतं.

माझ्या शेजारणींचं लक्ष मात्र भलतीकडेच होतं. एवढी जड फांदी तोलून कशी धरली असेल, आतून तार असेल का, बुंध्याला आधार कुठे दिला असेल, अशी कुजबुज सुरू झाली. सेन्सेईंचा उजवा हात अंधारात हळूच हलत होता, कात्री धरल्यासारखा. बघता बघता त्यांच्याबरोबर मीही मनात फांदी छाटू लागले.

दिवे लागले तरी कुणी उठेना. शेवटी सेन्सेईच उठल्या, पुढच्या टेबलावरच्या आमच्या बारा रचनांपाशी गेल्या, आणि माझ्या भांड्यातली पाइनची एक डहाळी किंचित डावीकडे कलती केली.

"आता बघा," म्हणाल्या.

दरवर्षीप्रमाणे उरलेली फुलं आणि फांद्या वर्तमानपत्रात गुंडाळून वाटल्या. माझ्या वाट्याला कॅमेलियाची एक फांदी आली, कळीसकट. बसमध्ये ती उभी धरून घरी आणली. चौथ्या दिवशी सकाळी कळी उमलली होती.