साल्टस्ट्राउमेनला गरवायला जाणाऱ्यांसाठी

साल्टस्ट्राउमेन म्हणजे भरती-ओहोटीचा जबरदस्त प्रवाह. जवळच्या बोडो शहरात जो भेटेल तो सांगतो, "काठावरून गळ टाका, मासा लागतोच." लागतो, खोटं नाही. पण त्याआधी तळाला अडकून किती गऱ्या पाण्यात जातात ते कुणी बोलत नाही.

जागा उत्तर नॉर्वेत, बोडोपासून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर. जेमतेम १५० मीटर रुंदीची, तीनेक किलोमीटर लांब सामुद्रधुनी आणि तिच्या आत अख्खा शेरस्टाफ्योर्ड (फ्योर्ड म्हणजे जमिनीत आत घुसलेली समुद्राची लांब, खोल खाडी). दर सहा तासांनी सुमारे ४० कोटी घनमीटर पाणी या फटीतून आत नाहीतर बाहेर घुसतं. वेग २० नॉटपर्यंत, म्हणजे ताशी ३७ किलोमीटर. काठावर उभं राहिलं की भोवऱ्यांचा घुरघुर आवाज येतो.

सगळ्यात मोठी फसगत वेळेची. आम्हाला मुक्कामाच्या ठिकाणी बोडो बंदराचं भरती-ओहोटीचं पत्रक दिलं. इथे ते काही कामाचं नाही! फ्योर्ड एवढ्याशा तोंडातून भरतो, त्यामुळे पाणी उशिरा उलटतं. साल्टस्ट्राउमेनचं वेगळं वेळापत्रक असतं, तेच मागून घ्या. पाणी थांबायच्या थोडं आधी हजर राहा. ते थांबतं अगदी थोडाच वेळ. जुलैत रात्री दोनलाही लख्ख उजेड असतो, तेव्हा झोपेचं कारण सांगू नका.

पुलाखालचे खडक म्हणजे वैताग. शेवाळ असं की चांगला बूटही सरकतो. गरी तळाला दोनदा टुकटुक वाजते आणि तिसऱ्यांदा बसते ती कायमची. विणलेली दोरी हाताला गुंडाळून ओढू नका, बोट कापतं, काठीला गुंडाळा. गऱ्या बोडोतूनच ढिगाने आणा. पाण्याजवळच्या दुकानात त्याच गरीला जे पैसे घेतात ती निव्वळ लूट आहे.

भर प्रवाहात टाकू नका, काठालगतच्या भोवऱ्याच्या कडेला टाका. सेइ (कॉडच्या कुळातला मासा) तिथेच शिकार करतो. लागला की रीळ किंचाळतं, आणि सगळे पैसे वसूल! दांडीवर पकडलेला २२.७ किलोचा सेइ इथलाच. आमचा त्याच्या पासंगालाही पुरला नसता, पण हात दुसऱ्या दिवशीही दुखत होते.

बोट? पहिल्या खेपेला अजिबात नको. भाडं परवडेल असं दिसतं, मग पेट्रोल वेगळं, तरंगता सूट वेगळा, मासे साफ करायचं टेबलही वेगळं. आठ मीटरपेक्षा लहान उघड्या बोटीत लाइफ जॅकेट अंगावर हवंच, कायदाच आहे.

समुद्रात गरवायला परवाना लागत नाही, पण परदेशी माणसाला मासा विकता येत नाही. देशाबाहेर न्यायचा तर नोंदणीकृत मासेमारी कॅम्पमार्फतच पकडलेला हवा. हॅलिबट (मोठा चपटा समुद्री मासा) ८४ सेंटिमीटरपेक्षा लहान किंवा दोन मीटरपेक्षा मोठा असेल तर सोडून द्यायचा.

बोडो गाव, समुद्री गरुड वगैरे छान आहे. पकडलेला मासा तिथेच खायचा आहे, तेव्हा हॉटेल घेऊ नका, चूल असलेली केबिन घ्या आणि मसाला घरून न्या.