व्हॉल्व्ह ट्यूबची कमाल

आजची सुट्टी मासे गरवायच्या रॉडला गाइड (गळाची दोरी ज्यांतून जाते त्या कड्या) दोऱ्याने बांधण्यात गेली. टोकाकडचे गाइड एकपायी (रॉडवर टेकणारी पट्टी एकच), मसुराच्या दाण्याएवढे. दोरा चढवायला गेलं की घसरलेच! मास्किंग टेप लावली, तर तीच दोऱ्याच्या आड. शेवटी बाबा म्हणाले, "अरे, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आण की." त्या बारीक रबरी नळीचे 2 मिलिमीटरचे काप केले, टोकाकडून सरकवले आणि गाइडचा पाय खाली दाबला. दोरा कापापर्यंत आला की ब्लेडने काप तोडायचा. (ब्लेड दोऱ्याला लागलं तर पहिल्यापासून. दोनदा लागलं.) पायाचं टोक आधी कानशीने घासलं होतं, म्हणून दोरा तरी अलगद चढला.

संध्याकाळी रॉड डोळ्याला लावून पाहिला, तर चौथा गाइड किंचित डावीकडे. नखाने ढकलला, आला रांगेत. दोऱ्यावर इपॉक्सीचा (कडक होणाऱ्या गोंदाचा) थर उद्या. मग गरवायला!