बरोबरची खूण, पण चुकीच्या ओळीत: मांजारोवरील ग्राफिक्स ड्रायव्हर, नोंद ३

मागील नोंदीत मांडलेला तिढा या रविवारी सुटला. कोल्हापुरात राजारामपुरीतील घरच्या डेस्कटॉपवर एनव्हिडियाचे कार्ड व्यवस्थित चालत असतानाही मांजारो या लिनक्स प्रणालीच्या हार्डवेअर सेटिंग्जमध्ये बरोबरची खूण ‘व्हिडिओ-लिनक्स’ या मुक्त ड्रायव्हरसमोर होती आणि ‘व्हिडिओ-एनव्हिडिया’समोरचा चौकोन रिकामा होता.

प्रथम वस्तुस्थिती तपासली. ‘एलएसपीसीआय -के’ या आज्ञेने वापरातील ड्रायव्हर म्हणून एनव्हिडियाचेच नाव दिले, ‘एनव्हिडिया-एसएमआय’ने आवृत्ती व तापमान बिनतक्रार सांगितले, आणि नूवो (एनव्हिडिया कार्डांचा मुक्त ड्रायव्हर) हे मॉड्यूल लोडच झालेले नव्हते. चूक होती ती सेटिंग्जच्या खिडकीत.

अर्थात खिडकीला तरी दोष कसा द्यावा? ती एमएचडब्ल्यूडी या मांजारोच्या हार्डवेअर ओळखून ड्रायव्हर बसवणाऱ्या साधनाला विचारते, आणि एमएचडब्ल्यूडी ‘बसवलेले’ ठरवताना कर्नलकडे, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याकडे, न पाहता स्वतःच्या ‘लोकल’ फोल्डरात कोणत्या ड्रायव्हर-संचाची नोंद आहे एवढेच पाहते. शाहूपुरीतील अडत्याने गोदामात न डोकावता नुसती वही वाचून गुळाचे रवे सांगावेत, तसे. वहीतला घोळ माझाच होता. दिवाळीत घाईघाईने मी एनव्हिडियाची पॅकेजे थेट पॅकमन या पॅकेज बसवणाऱ्या आज्ञेने बसवली. त्यांतील एका फाइलने नूवोला काळ्या यादीत टाकले (म्हणजे लोड होण्यास मनाई केली), पुढील बूटला ड्रायव्हर बदलला, आणि एमएचडब्ल्यूडीला त्याचा पत्ताही लागला नाही.

‘लोकल’ फोल्डरात हातानेच नोंद चिकटवण्याचा मोह मला तासभर तरी होता. खूण लगेच योग्य जागी आली असती, पण संचाबरोबर चालणाऱ्या स्क्रिप्टा न चालता केवळ कागद रंगला असता, म्हणून तो विचार सोडला.

टाइमशिफ्टने प्रणालीचा स्नॅपशॉट (गरज पडल्यास मागे फिरता येईल अशी प्रत) घेऊन कंट्रोल-आल्ट-एफ३ दाबून टर्मिनलमध्ये गेलो, हाताने बसवलेली पॅकेजे काढली, ‘एमएचडब्ल्यूडी -आर पीसीआय व्हिडिओ-लिनक्स’ने जुनी नोंद पुसली आणि लगोलग ‘एमएचडब्ल्यूडी -आय पीसीआय व्हिडिओ-एनव्हिडिया’ चालवले. या दोन आज्ञांच्या मध्ये रीबूट करू नये. (पावसाळ्यात आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो, त्यामुळे यूपीएस आधीच चार्ज करून ठेवला होता.) रीबूटनंतर ‘एमएचडब्ल्यूडी -एलआय’, ‘एलएसपीसीआय’ आणि खिडकी, तिन्ही ठिकाणी एकच उत्तर आले.

आता उद्यमनगरातील मित्राचा दोन ग्राफिक्स चिपांचा लॅपटॉप बाकी आहे. त्याची एनव्हिडिया चिप ‘एलएसपीसीआय’मध्ये ०३०० (व्हीजीए) ऐवजी ०३०२ (थ्रीडी कंट्रोलर) या वर्गात दिसते, त्यामुळे तिथे ‘हायब्रिड’ (दोन्ही चिपा मिळून चालवणारा) संच लागेल.