इस्त्रीचा शर्ट

परवा मनाच्या आजाराचा अपंगत्वाचा दाखला काढायला सांगलीला डॉक्टरांच्या बोर्डासमोर जाऊन आलो. तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यातून जाईना.

सकाळी आईनं शर्टाला कडक इस्त्री केली. "माणसांत चाललायस." एसटीत मी तो मुद्दाम चुरगळला. तासगाव सुटल्यावर पुन्हा सरळ केला, मग परत चुरगळला. रांगेतल्या एका काकांनी तरी विचारलंच, "पेशंट कुठाय?"

आत डॉक्टर चांगले होते. ते चार गोष्टी बघतात: स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं, काम. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, जेवढं जमत नाही तेवढे जास्त, शिवाय आजार किती वर्षं मुरलाय त्याचेही. सात झाले की अपंगत्व चाळीस टक्क्यांच्या घरात. चाळीस झाले तर संजय गांधी निराधारचे महिन्याला २५०० मिळणार. तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला अण्णांनी कसा आणला ते मी विचारलं नाही.

"अंघोळ रोज करता?"

"हो," मी म्हणालो. चटकन, शाळेत म्हणायचो तसं.

आई मागून म्हणाली, "कुठली रोज? चौथ्या दिवशी, ते पण मी ओरडल्यावर."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. घरनं इस्त्री करून पाठवणारी तीच, आणि इस्त्री मोडणारीही तीच. तिचं खरं होतं, आणि आमच्या फायद्याचंही. तरी मान वर करवेना. नोकरी गेली तेव्हाही एवढं वाटलं नव्हतं, किंवा वाटलं असेल, आता आठवत नाही. मी 'हो' का म्हणालो? खोटं बोलायचंच होतं तर फायद्याचं तरी बोलायचं. अख्खा रस्ता शर्ट चुरगळत गेलो आणि ऐन वेळी चांगला मुलगा झालो.

नापास व्हावं म्हणून नवस बोललेला हा पहिलाच पेपर.

येताना स्टँडवर आईनं भडंग घेतलं. कंडक्टरकडून तिचं अर्धं तिकीट घेतलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "अपंगाचं कार्ड आलं की तुला पाऊण माफ. म्हणजे माझं अर्धं, तुझं पाव. दोघं मिळून एक माणूस पण भरत नाही बघ आपण." आणि एवढी हसली की पुढच्या सीटवरच्या बाईनं वळून बघितलं. मग मलाही हसू आलं.

टक्के अजून कळलेले नाहीत.

आज कुणी न ओरडता अंघोळ केली. आईला सांगितलेलं नाही. पुढच्या तपासणीला बोलून जायची.