तापीकाठची अर्जी

रावेरहून बऱ्हाणपूर जवळ, त्यामुळे पाहुणे आले की त्यांना शाही किल्ला दाखवण्याचे काम आमच्या घरात माझ्याकडेच येते. हमामाच्या छतावरची फिकटलेली नक्षी पाहून झाली की तापीपलीकडच्या जैनाबादकडे बोट दाखवले जाते: मुमताज महल बऱ्हाणपुरात वारली, तिला पलीकडे आहुखान्यात, म्हणजे शिकारबागेत, तात्पुरते दफन केले, पुढे ताजमहाल झाला. जून १६३१ मधील ते तिचे चौदावे बाळंतपण होते; पण दरबारात ती करीत काय होती, हे कोणी विचारत नाही. जनानखान्यातल्या स्त्रियांची सत्ता म्हणजे हुकमाऐवजी शब्दावर चालणारी ‘सौम्य’ सत्ता, असे म्हटले जाते.

मला त्या कहाणीत मुमताजपेक्षा तिची कारभारीण सती-उन-निसा खानम अधिक महत्त्वाची वाटते. जहांगीराचा राजकवी तालिब आमुली याची ही विधवा बहीण इराणातून आलेली, फारसीत आणि कुराणपठणात निपुण, मुमताजची मुलगी शहजादी जहाँआरा हिची शिक्षिका. निराधार स्त्रियांची गाऱ्हाणी तिच्याकडे येत. ती गाऱ्हाणी ती मुमताजपुढे मांडी, मुमताज बादशहाच्या कानावर घाली, आणि कोणाला जमीन, कोणाला रोख मदत, अनाथ मुलींना लग्नखर्च मिळे. माझ्या आजोळीही आजोबांकडून काही हवे असले, तर आजी कळण्याच्या भाकरी थापत असताना तिच्याशेजारी जाऊन बसावे लागे. कोणती गोष्ट केव्हा पुढे न्यायची, हे चुलीपाशीच ठरे. जनानखान्यातला अधिकार तसाच होता, फक्त त्याच्यामागे शाही खजिना उभा होता.

जहांगीराची बेगम नूरजहाँ हिने तर स्वतःच्या नावाची नाणी पाडली आणि हुकूम काढले. तिच्या सत्तेला ‘सौम्य’ म्हणणे मला धाडसाचेच वाटते. जहाँआराची वाट निराळी. आई गेली तेव्हा ती सतरा वर्षांची होती. मुमताजच्या मालमत्तेचा अर्धा वाटा तिला मिळाला, वार्षिक तनखा सहा लाखांवरून दहा लाख रुपयांवर गेला आणि पुढे सुरत बंदराचे उत्पन्नही तिच्याकडे आले. त्याच सुरतेहून निघणारा रस्ता नंदुरबार, थाळनेर, चोपडा आणि आमचे रावेर करीत बऱ्हाणपूरला पोहोचत असे, म्हणजे जिच्या नावावर बंदराचा वसूल जमा होई, तिच्या व्यापाराचा माग आमच्या वेशीवरून जात होता.

डिसेंबर १६३१ मध्ये मुमताजचे शव जैनाबादहून आग्र्याला निघाले, तेव्हा शहजादा शुजाबरोबर सती-उन-निसाही गेली. तिची स्वतःची कबर आज ताजमहालाच्या आवाराजवळ आहे.